आधी तू सोड

डेडलॉक म्हणजे डेटाबेसमधल्या दोन व्यवहारांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसून राहणं. पहिल्याच्या हातात जे आहे ते दुसऱ्याला हवं असतं, दुसऱ्याच्या हातातलं पहिल्याला, आणि हातातलं आधी सोडायचं नाही हा दोघांचाही बाणा. यात गुन्हेगार कुणी नसतो. दोघेही अगदी नियमाला धरून वागत असतात. आणि नियमाला धरून वागणारे दोघे मिळून जेवढं काम अडवू शकतात तेवढं नियम मोडणाऱ्या दहांनाही जमत नाही.

शास्त्राला ही गोष्ट फार लवकर कळली. टेबलं, रो आणि त्यांची आपसांतली नाती अशा रूपात डेटा ठेवायची रिलेशनल कल्पना एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडली. संगणकातली कामं एकमेकांत अडकायला नेमक्या कोणत्या चार अटी जुळून याव्या लागतात, हे कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७१ साली लिहून टाकलं. म्हणजे रिलेशनल डेटाबेस बाजारात विकायला यायच्या कितीतरी आधी त्याच्या रडगाण्याची चाल बांधून तयार होती. अंधेरीचं सीप्झ हे निर्यात उद्योगक्षेत्रही त्यानंतरचं, १९७३ चं. त्यामुळे मरोळ, चकाला, पवई, मालाड इथल्या काचेच्या इमारतींत बसून जे लोक आज या प्रकाराने हैराण होतात, त्यांना ‘आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही’ असं म्हणायची सोय नाही. बहुतेकांनी तर हा धडा इंजिनिअरिंगला असताना मार्कांसाठी पाठही केलेला असतो. त्यात पाच तत्त्वज्ञ गोल टेबलाशी जेवायला बसतात, काटे पाचच असतात आणि जेवायला प्रत्येकाला दोन लागतात. ‘मग हाताने का जेवत नाहीत?’ हा घाटकोपरच्या कुठल्याही मुलाला पडणारा प्रश्न पेपरात येत नाही. पेपर झाला की तत्त्वज्ञ उपाशी आणि धडा ऑप्शनला.

त्या चार अटी समजून घ्यायला मुलुंडची कुठलीही जुनी सोसायटी पुरते. गच्चीची चावी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे, शिडी पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. काकांना टाकीचा बॉलकॉक बघायचा आहे, काकूंना पत्र्यावर पडलेली उशी काढायची आहे. दोघांनाही चावी आणि शिडी दोन्ही लागणार. काका म्हणतात, “शिडी पाठवा, चावी देतो.” काकू म्हणतात, “चावी पाठवा, शिडी देते.” चावी एका वेळी एकाच्याच हातात असू शकते, ही पहिली अट. हातातलं धरून ठेवून दुसऱ्याची वाट बघायची, ही दुसरी. कुणाच्या हातून हिसकावून घ्यायचं नाही, ही तिसरी; सोसायटी सभ्य आहे. आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण झालं पाहिजे, ही चौथी. चारपैकी एक अट मोडली तरी बॉलकॉक दुरुस्त होतो. सोसायटीत एकही मोडत नाही आणि टाकी वाहत राहते. सेक्रेटरी गावाला गेलेले असतात.

डेटाबेसमध्ये हेच पैशांच्या रूपात घडतं. बोरिवलीच्या खात्यातून मुलुंडच्या खात्यात पाचशे रुपये निघतात. त्याच क्षणी मुलुंडहून बोरिवलीला तीनशे. पहिला व्यवहार बोरिवलीच्या रोवर लॉक, म्हणजे आपलं काम होईपर्यंतचं कुलूप, टाकतो, पैसे वजा करतो आणि मुलुंडच्या लॉकसाठी थांबतो. दुसऱ्याने मुलुंडचा लॉक आधीच घेतलेला असतो आणि तो बोरिवलीच्या नावाने थांबलेला असतो. माणसाला लोकलने बोरिवलीहून मुलुंडला जायचं तर दादरला उतरून लाइन बदलावी लागते, त्यामुळे असं समोरासमोर येऊन अडकायचा प्रश्न येत नाही. पैसे थेट जातात, म्हणून येतो.

यापुढचा भाग डेटाबेसच्या शहाणपणाचा आहे आणि तो आवर्जून सांगितला पाहिजे, कारण पुढे शहाणपणाचे प्रसंग कमी आहेत. कोण कुणासाठी थांबलं आहे याचा नकाशा डेटाबेस स्वतःच ठेवतो. त्यात वर्तुळ दिसलं की तो एकाचा बळी देतो: त्याने केलेलं सगळं मागे फिरवतो, त्याचे लॉक सोडवतो आणि दुसऱ्याला वाट करून देतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन वर्तुळ जवळजवळ तत्काळ ओळखतं. पोस्टग्रेस आधी एक सेकंद वाट बघतं, कदाचित आपसांत मिटेल म्हणून. एसक्यूएल सर्व्हरचा पहारेकरी एरवी पाच सेकंदांनी फेरी मारतो. एकदा डेडलॉक सापडला की त्याच्या फेऱ्या वाढतात.

बळी निवडण्यात प्रत्येकाचा स्वभाव दिसतो. ज्याने कमी रो बदलल्या आहेत त्याला इनोडीबी काढतं. एसक्यूएल सर्व्हर ज्याला मागे फिरवणं स्वस्त पडेल त्याला काढतो. शिवाय तिथे उणे दहापासून दहापर्यंत आपलं महत्त्व आपणच जाहीर करायची सोय आहे. ही सोय ऑफिसात कळली की काही दिवसांतच प्रत्येक मॉड्यूल दहावर जाऊन बसतं आणि सगळे पुन्हा सारखेच होतात. पोस्टग्रेसमध्ये वर्तुळाची शंका ज्याला आधी येते आणि जो तपासून बघतो, तोच बाहेर फेकला जातो. तक्रार करणाऱ्याचं काय होतं हे सांगणारी इतकी स्पष्ट रचना दुसरीकडे क्वचितच असेल. ओरॅकल मात्र संपूर्ण व्यवहार मागे फिरवत नाही, फक्त अडलेलं एक वाक्य रद्द करून ‘ओरा-०००६०’ असा आकडा हातात ठेवतं. बाकीचे लॉक तसेच, पुढचं ज्याचं त्याने बघावं. तपशिलाच्या फाइलमध्ये तर हा दोष ओरॅकलचा नसून अॅप्लिकेशन लिहिणाऱ्याचा आहे, असं आरंभीच नमूद केलेलं असतं. ही ओळ लिहिणारा माणूस आयुष्यात बऱ्याच मीटिंगांना बसलेला असणार.

एवढं सगळं काही सेकंदांत आटोपतं. माणसांचं काम त्यानंतर सुरू होतं.

डेडलॉकची तक्रार सहसा महिन्याच्या एक तारखेला येते, कारण पगार, भाडं, हप्ते आणि सोसायटीचा मेंटेनन्स एकाच दिवशी धावतात. ती येते तेव्हा डेटाबेस सांभाळणारा, म्हणजे डीबीए, घाटकोपरहून अंधेरीकडे निघालेल्या मेट्रोत उभा असतो. ही वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली तेव्हा दीड तासाचा प्रवास वीस मिनिटांवर आला. त्यामुळे डीबीएचा फोन लागत नसण्याचा काळही तेवढाच कमी झाला, हा तोटा तेव्हा कुणी लक्षात घेतला नाही. साकीनाक्याच्या गर्दीत लॅपटॉप उघडणं अशक्य. शेजारच्याच्या बॅगेवर हनुवटी टेकवून तो विचारतो, “काय बदललं?”

“काहीच नाही, सर. कालपर्यंत व्यवस्थित चालत होतं.”

“काहीच नाही?”

“म्हणजे रात्री एक छोटा रिलीज गेला. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.”

“त्यात काय होतं?”

“काही विशेष नाही, सर. फक्त अपडेटचा क्रम बदलला.”

मरोळ नाका येईपर्यंत कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट केलेला असतो. रीस्टार्टने बरं वाटतं, याबद्दल वाद नाही. अडचण एवढीच की इनोडीबी शेवटच्या डेडलॉकची हकीकत स्मृतीत ठेवतं आणि रीस्टार्टबरोबर ती पुसली जाते. चोर पळाला, पंचनामा जळाला, आणि मॅनेजरने ग्रुपवर अंगठा टाकला.

निदानाची पहिली पायरी म्हणजे हा डेडलॉकच आहे का, हे बघणं. अर्ध्याअधिक वेळा तो नसतो. कुणीतरी व्यवहार सुरू करतो, एक अपडेट मारतो आणि कमिट न करता, म्हणजे व्यवहार पक्का न करता, वडापाव खायला खाली उतरतो. त्याच्यामागे सगळं ऑफिस थांबतं, पण हा डेडलॉक नव्हे, कारण तो स्वतः कुणासाठीच थांबलेला नाही. चटणीसाठी थांबला असेल तर तेवढंच. वर्तुळ नाही म्हणून बळी नाही, आणि बळी नाही म्हणून सुटका नाही. इनोडीबी अशा वेळी मूळच्या सेटिंगप्रमाणे पन्नास सेकंद वाट बघून हात टेकतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर मात्र न सांगता हात टेकत नाहीत. माणूस वर येईपर्यंत थांबायची त्यांची तयारी असते.

या गोंधळात नियतीने एक आकडाही घातला आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२०५ म्हणजे डेडलॉक. मायएसक्यूएलमध्ये १२०५ म्हणजे लॉकची वाट बघून वेळ संपली. तिथे डेडलॉकचा नंबर १२१३. ज्या ऑफिसात दोन्ही डेटाबेस आहेत तिथे दोन टीम एकाच टेबलाशी बसून ‘बारा-पाच’बद्दल अर्धा तास पूर्ण सहमतीने बोलू शकतात, आणि नंतर कळतं की एक टीम बळीबद्दल बोलत होती आणि दुसरी वडापाववाल्याबद्दल.

डेडलॉकच आहे असं ठरलं की कागदपत्रं वाचायची. ती असतात, ती नाहीत म्हणून कुठलाच तपास अडलेला नाही, ती उघडली नाहीत म्हणून अडलेले आहेत. इनोडीबीचा स्टेटस मागितला की त्यात शेवटच्या डेडलॉकचा मजकूर येतो. फक्त शेवटच्या, सगळे हवे असतील तर ते एरर लॉगमध्ये उतरवायचं एक सेटिंग आधी चालू करावं लागतं, आणि ते चालू करायचं हे पहिला डेडलॉक हुकल्यावर आठवतं. एसक्यूएल सर्व्हर २००८ सालापासून ही नोंद न सांगताच ठेवतो आणि चित्रही काढून देतो: लंबगोलांत व्यवहार, बाण, आणि बळी गेलेल्यावर फुली. पोस्टग्रेस अॅप्लिकेशनला दोन ओळी सांगून क्वेरीचा तपशील सर्व्हरच्या लॉगमध्ये बघायला पाठवतं. तो लॉग डेव्हलपरला बघायची परवानगी नसते.

इनोडीबीचा कागद एकदा नीट वाचावा. दोन व्यवहार, प्रत्येकाची चालू क्वेरी, कुठल्या टेबलाच्या कुठल्या इंडेक्सवर (म्हणजे रो शोधायच्या सूचीवर) कसला लॉक, कोण काय धरून आहे, कोण कशाची वाट बघतंय, मधेच बाराखडी उलटी लिहिल्यासारखे सोळाच्या पायातले आकडे, आणि तळाशी कुणाला मागे फिरवलं त्याचा निकाल. बघणारा लगेच दोन्ही क्वेऱ्यांवर झडप घालतो. त्या दोन्ही सोज्वळ निघतात. एक म्हणते, मुलुंडच्या खात्यात पाचशे वाढव. दुसरी म्हणते, बोरिवलीत तीनशे वाढव. यात भांडण्यासारखं काय आहे? काहीच नाही, कारण ज्या क्वेरीने आधी लॉक घेऊन ठेवला ती केव्हाच संपलेली असते आणि कागदावर तिचं नाव नसतं. कागदावर असतात त्या अडकलेल्या. अडकवणारी कोडमध्ये चार ओळी वर असते. इंडेक्सचं नाव आणि टेबल धरून कोडात मागे चालत जावं लागतं.

आणि इथे दुसरा डेडलॉक लागतो.

“ही क्वेरी कुठून येते ते कोड बघून सांगा,” डीबीए म्हणतो.

“सांगतो. आधी लॉग पाठवा,” डेव्हलपर.

“लॉग प्रॉडक्शनचा आहे. सिक्युरिटीची मंजुरी आणा.”

“मंजुरीसाठी कारण लिहावं लागेल,” सिक्युरिटी.

“कारण शोधायलाच लॉग हवाय.”

प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे, प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबला आहे, हिसकावून घ्यायची पद्धत नाही. पाच सेकंदांनी फेरी मारणारा इथे कुणी नसतो. बळी मात्र ठरतो. फक्त ज्याने सर्वात कमी काम केलं त्याला काढायचा इनोडीबीचा नियम इथे बहुधा उलटा लागतो.

कारणं अखेर सापडतात, आणि ती इतकी साधी असतात की सापडल्याचा आनंद होत नाही. मुख्य कारण क्रमाचं. दोन ठिकाणचा कोड त्याच रो वेगवेगळ्या क्रमाने पकडतो. उपाय वर्तुळाची चौथी अट मोडायची: पैसे कुठूनही कुठेही जावोत, ज्याचा खाते क्रमांक लहान त्या खात्यावर आधी लॉक. मग बोरिवली आणि मुलुंड दोन्हीकडचे व्यवहार एकाच खात्याशी येऊन रांग लावतात, आणि रांगेत वर्तुळ होत नाही. टेबलांनाही तोच नियम. यावर मीटिंग होते. खातेवाल्यांचं म्हणणं, आधी खातं. ऑर्डरवाल्यांचं म्हणणं, आधी ऑर्डर. डीबीए सांगतो, कुठलाही चालेल, एकच हवा. हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटतं आणि आपापला एकच घेऊन सगळे परत जातात.

दुसरं कारण इंडेक्स नसण्याचं. घाटकोपरच्या एका ग्राहकाचा फोन नंबर बदलायचा आहे, पण ज्या कॉलमवरून त्याला शोधायचं त्यावर इंडेक्सच नाही. मग इनोडीबी पहिल्या रोपासून शेवटपर्यंत बघत जातं आणि व्यवहारांच्या अलगतेच्या मूळच्या ‘रिपीटेबल रीड’ पातळीवर बघितलेल्या प्रत्येक रोला कुलूप लावत जातं. बदलतो घाटकोपरचा एक, थांबतात अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतचे सगळे. ओरॅकलमध्ये फॉरेन की असलेल्या कॉलमवर इंडेक्स नसला आणि मूळ टेबलातली रो काढायला गेलं, तर पोटच्या टेबलालाच कुलूप लागतं. एका इंडेक्सने जे मिटतं त्यासाठी नवा सर्व्हर मागवल्याची उदाहरणं या पट्ट्यात चहाच्या टपरीवर सहज ऐकायला मिळतात. नव्या सर्व्हरवर तोच डेडलॉक अधिक वेगाने होतो.

याच पातळीवर इनोडीबी आणखी एक चमत्कार करतं: दोन रोंमधल्या रिकाम्या जागेवरही लॉक टाकतं, म्हणजे अजून जन्मालाच न आलेल्या रोवर. गंमत अशी की एकाच रिकाम्या जागेवर दोन व्यवहार गुण्यागोविंदाने ताबा सांगू शकतात. तिथे खरंच काही ठेवायची वेळ आली की दोघेही एकमेकांसाठी थांबतात. पुनर्विकासाच्या उपनगरात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रीड कमिटेड पातळीवर उतरलं की या पोकळ कुलपांपैकी बहुतेक जातात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वाचणाऱ्यांना जुनी प्रत दाखवायचं सेटिंग आहे. ते चालू केलं की वाचणारे आणि लिहिणारे तरी आपसांत भांडत नाहीत.

काउंटरचं प्रकरण वेगळंच. ‘आजचे एकूण व्यवहार’ असा एक आकडा स्वागतकक्षातल्या टीव्हीवर झळकावा अशी वरून इच्छा होते. त्यासाठी एका टेबलात एकच रो, आणि प्रत्येक व्यवहार जाता जाता तिच्यात एक मिळवतो. सगळ्यांनी शेवटी मिळवला तर नुसती रांग. एका मॉड्यूलने उत्साहाने आधी मिळवला तर डेडलॉक. तो आकडा मोजणीसाठी नव्या रो टाकून नंतर बेरीज करून काढता येतो, असं कुणी सुचवलं तर “पण तो लाइव्ह दिसला पाहिजे” असं उत्तर येतं. स्वागतकक्षातला टीव्ही आयपीएलच्या दिवसांत आकडा दाखवत नाही, आणि तेव्हा कुणाची तक्रारही नसते.

व्यवहार लांबवणं हा तर छंदच आहे. लॉक हातात धरून कोड बाहेरच्या एसएमएसवाल्याला फोन लावतो आणि तिथलं उत्तर येईपर्यंत ग्राहकाची रो कवेत घेऊन उभा राहतो. एसएमएस कमिटनंतर पाठवावा. रात्री दोनच्या बॅचने लाखभर रो एका घासात गिळू नयेत, तुकडे करावेत. आधी वाचून मग बदलायचं असेल तर वाचतानाच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ म्हणावं. दोघांनी आधी प्रेमाने वाचायचं आणि मग दोघांनीही लिहायचा हट्ट धरायचा, हा प्रकार त्याने टळतो. या उपायांत भव्य असं काही नाही. म्हणूनच आराखड्याच्या स्लाइडवर ते शेवटी येतात आणि शेवटच्या स्लाइडपर्यंत वेळ संपलेली असते.

सगळं करूनही गजबजलेल्या डेटाबेसमध्ये थोडे डेडलॉक उरतातच, आणि ते धोक्याचे नसतात. मायएसक्यूएलची पुस्तिकाही तेच सांगते: काही व्यवहार मुळी होऊच शकत नाहीत इतके वाढले तरच चिंता, एरवी व्यवहार पुन्हा करायची तयारी ठेवा. ही तयारी कोडात लिहावी लागते. पूर्ण व्यवहार पहिल्या ओळीपासून पुन्हा करायचा, मध्ये थोडा कमी-जास्त वेळ थांबायचं, आणि काही प्रयत्नांनंतर सोडून द्यायचं. घाईत लिहिलेल्या कोडात मात्र चुकलेली शेवटची ओळ तेवढी पुन्हा चालवली जाते. इनोडीबीने तोवर सगळा व्यवहार मागे फिरवलेला असतो, म्हणजे बोरिवलीची वजाबाकीही. पुन्हा चालते ती फक्त मुलुंडची बेरीज. त्या दिवशी मुलुंडहून एकही तक्रार येत नाही. बोरिवलीहूनही येत नाही. प्रणाली सुरळीत झाल्याचा मेल जातो, टीमला समोसे येतात, आणि महिनाअखेरीस हिशेब तपासणाऱ्या विभागातून कुणीतरी फोन करून फार मृदू आवाजात विचारतं, “साहेब, जरा वेळ आहे का?”

म्हणून उरलेल्या डेडलॉकची रोज मोजदाद ठेवावी आणि तो आकडा रिलीजच्या तारखांशेजारी लिहावा. आकडा अचानक चढला तर आदल्या रात्रीचा रिलीज उघडून बघावा. ज्यात काहीच बदललेलं नसतं, तो.